आत्याच्या मिरचीचा मेल

माझी आत्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. नोकरीला लागली तेव्हा तिच्या दोन लांब वेण्या होत्या, रिटायर झाली तेव्हा केस पांढरे आणि मानेपर्यंत आखूड झाले होते. तिनं लग्न केलं नाही. नंदनवनमधलं घर तिनं स्वतःच्या पगारावर बांधलं आणि माझं लग्न झाल्यावर आम्हा दोघांना वरचा मजला दिला. अजूनही आम्ही तिथंच राहतो. खाली आत्या आणि तिचं तिखट, वर आम्ही.

तिखटाचा धंदा तिनं रिटायर झाल्यावर सुरू केला असं ती सांगते, पण तो त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता, फक्त त्याला कोणी धंदा म्हणत नव्हतं. आमचं गाव भिवापूरजवळ. तिथली मिरची बुटकी, जाड सालीची आणि रंगाला अशी की भाजीवर तेलाचा लाल थर तरंगतो. आत्या हंगामात गावाला जाऊन मिरची निवडून आणायची, कांडून घ्यायची आणि दवाखान्यातल्या बायकांसाठी डबे भरून न्यायची. हळूहळू डॉक्टर मागू लागले. तिथं शिकायला आलेली पोरं पुढे मोठी डॉक्टर होऊन पुण्याला, बंगलोरला, इंदूरला, कोणी दुबईला गेली. पेशंटचे नातेवाईक वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरला परतले. पण सगळ्यांचं तिखट सिस्टरकडूनच जायचं. आत्याला आजही कोणी नावानं हाक मारत नाही. कुरिअरवालासुद्धा गेटवरून ‘सिस्टर’ असंच ओरडतो.

नवी मिरची आली की आत्या मोबाइलवरून सगळ्यांना एकच मेसेज पाठवायची. एका वर्षी तिचं मेसेजचं खातंच बंद पडलं. इतक्या लोकांना एकदम तोच मजकूर गेला म्हणून त्या ॲपला संशय आला असावा. आत्या मोबाइल हातात धरून जिना चढून वर आली. ती वर क्वचितच येते, तिचे गुडघे दुखतात.

“काहून बंद केलं वं त्यायनं? मी काय कोणाले शिव्या देल्या काय?”

मी सांगितलं की त्यांना वाटलं असेल तू माणूस नाहीस, मशीन आहेस.

“मशीन?” आत्या पलंगावर बसली. “मशीनले गुडघे राहते काय?”

खातं काही दिवसांनी परत सुरू झालं, पण पुन्हा बंद पडण्याची भीती मागे लागली. मी म्हटलं, आपण लोकांना ईमेल पाठवू. आत्याला ते पटलं नाही. मेल बँकेचे आणि विम्याचे येतात, ते कोण वाचतं, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुझे डॉक्टर वाचतात, त्यांचा अर्धा दिवस त्यातच जातो. मग म्हणाली, “करून पाहू. नाही जमलं तं आहेच फोन.”

मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. फी, हजेरी, निकाल, एवढीच माझी कॉम्प्युटरशी ओळख. पण घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून या कामातली जाणकार मीच ठरले.

आधी पत्ते गोळा करायचे होते. मी आत्याला बजावलं होतं की ज्याची परवानगी नाही त्याला मेल पाठवायचा नाही, कंपन्यांचा तसा नियमच असतो. आत्यानं ते मनावर घेतलं आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. दुपारी जेवण झालं की ती खुर्चीत पाय वर घेऊन बसायची, मी लॅपटॉप घेऊन समोर. फोन उचलला गेला की आत्या म्हणायची, “जय भीम. सिस्टर बोलून राहिली. बीपी कसा आहे तुमचा?” तिथून पोरांची लग्नं, सासूचा मोतीबिंदू, नव्या घराचा हप्ता, सगळं व्हायचं आणि अगदी शेवटी, माणूस फोन ठेवायच्या बेतात असताना, “हाव, एक राहिलंच. तुमचा मेलचा पत्ता सांगा बरं. पाठवला तं चालन ना?” मग एकेक इंग्रजी अक्षर. समोरचा ‘डी’ म्हणायचा, आत्या मला ‘बी’ सांगायची, मी परत विचारायला लावायची. एका दुपारी चार-पाच पत्ते व्हायचे. माझा नवरा म्हणाला, या वेगानं आपली मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा यादी पूर्ण होईल. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

पण यादी झाली. मग आला कंपनी निवडायचा प्रश्न.

इंटरनेटवर अशा कंपन्यांची तुलना करणारी पानं ढिगानं सापडतात. मी बरीच वाचली. ती सगळी कोणत्या तरी दुसऱ्याच दुकानांसाठी लिहिलेली वाटायची. ग्राहक खरेदी अर्धवट सोडून गेला तर त्याला आपोआप आठवण करून देणारा मेल जातो, हे प्रत्येक ठिकाणी मोठ्या कौतुकानं लिहिलेलं असायचं. आमच्याकडे खरेदी अर्धवट सोडून कोणी जात नाही, कारण आत्या जाऊ देत नाही. शेवटी मी तीन कंपन्या काढल्या, ज्यांच्याकडे छोट्या यादीसाठी सुरुवातीला फुकट सोय होती. त्यांची इंग्रजी नावं आत्याच्या तोंडात बसेनात. पडद्यावर जो रंग जास्त दिसायचा त्यावरून तिनं त्यांना पिवळी, निळी आणि हिरवी म्हणायला सुरुवात केली. मीही तेच म्हणू लागले.

पिवळी दिसायला सगळ्यात देखणी. तिच्याकडे मेलचे तयार नमुने होते: केकच्या दुकानाचे, योगाच्या क्लासचे, बुटांचे. आत्याला त्यातला फुगेवाला नमुना भारी आवडला.

“मिरचीला फुगे कशाला?” मी विचारलं.

“नवी मिरची आली, आनंदाची गोष्ट आहे ना वं ते.”

मी फुगे ठेवले. पण पिवळीच्या मथळ्यांना मराठी सोसत नव्हती. ‘शुद्ध’ हा शब्द दोन तुकड्यांत पडायचा, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायच्या. शिवाय मेलच्या तळाशी पिवळी स्वतःची जाहिरात टाकायची आणि ती आत्याच्या नावापेक्षा मोठी दिसायची. ती काढायची तर महिन्याचे पैसे भरा.

निळीची मराठी नीट होती आणि काम भराभर व्हायचं. मला ती आवडली. पण पहिल्या दोन-तीन चाचण्यांत तिचा मेल थेट स्पॅममध्ये जाऊन पडला, माझ्याही आणि नवऱ्याच्याही. वाचून वाचून मला कळलं की चूक तिची नव्हती. आम्ही साध्या फुकट पत्त्यावरून घाऊक मेल पाठवत होतो. आमच्या नावाचा वेगळा पत्ता विकत घ्यायला हवा होता आणि तो आमचाच आहे हे पटवून देणाऱ्या काही ओळी, ज्यानं तो विकला त्याच्या साइटवर नेऊन जोडायला हव्या होत्या. तिघींसाठीही ते करावं लागलं. माझा एक अख्खा रविवार त्यात गेला. आत्याला मी समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आधार कार्डाची झेरॉक्स जोडली, असंच ना?” मी म्हटलं, असंच.

हिरवी तशी रुक्ष. नमुने थोडे, रंग फिके, मोबाइलवर उघडायला हळू. तिच्यात एकच गोष्ट चांगली वाटली. मी मदतीसाठी प्रश्न लिहिला तर दुसऱ्या दिवशी कोणा माणसाचं उत्तर आलं आणि त्यानं माझा प्रश्न खरंच वाचलेला होता. आत्यानं हिरवीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “ही तं सरकारी दिसते.”

थोडक्यात, आत्याला पिवळी हवी होती, मला निळी आणि हिरवी कोणालाच नको होती. भांडण मिटवायला मी यादीचे तीन भाग केले. हंगामभर तोच मजकूर तिघींकडून पाठवायचा आणि कोणाचं काम चांगलं ते पाहायचं, असं ठरलं.

मजकूर आत्या सांगायची, मी लिहायची. पहिल्या मेलच्या सुरुवातीला तिनं ‘सर्वांना जय भीम’ लिहायला सांगितलं. मी क्षणभर थांबले. यादीत सगळ्या तऱ्हेची माणसं होती.

आत्यानं ते ओळखलं. “मी फोनवर काय म्हणतो?”

“जय भीम.”

“कोणं फोन ठेवला काय आजपर्यंत?”

मी लिहिलं. माझ्या आजोबांनी छप्पन साली याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात फोन असो की दार, उघडताना तोच शब्द असतो. मेलमध्ये तेवढा वेगळा शब्द कशाला शोधायचा? खाली पूर्ण पत्ता देणं सक्तीचं होतं. आत्यानं तो आनंदानं दिला आणि वर ‘पिठाच्या गिरणीच्या गल्लीत, निळं गेट, कुत्रा चावत नाही’ हेही टाकायला लावलं.

पहिला मेल गेला आणि दोन दिवसांत उत्तरं येऊ लागली. ऑर्डरी आल्याच, पण त्यापेक्षा गप्पाच जास्त. दुबईच्या डॉक्टरनं लिहिलं की तो ऑपरेशन थिएटरबाहेर उभा राहून मेल वाचत होता आणि फुगे पाहून एकटाच हसला. वर्ध्याच्या एका बाईंनी नुसतंच विचारलं, कुत्रा अजून तोच आहे का.

त्या कंपन्यांच्या पडद्यावर एक सोय होती: मेल कोणी उघडला, केव्हा उघडला, ते दिसायचं. मी आत्याला ते दाखवायला नको होतं. ती सकाळी चहा घेऊनच लॅपटॉपसमोर बसायला लागली.

“हा उठला वाटते. तिकडं आता सकाळ होऊन राहिली असन.” मग, “हिनं तं उघडलाच नाही. बरी आहे ना वं ही?” आणि एक दिवस मी शाळेतून आले तर ती फोनवर कोणाला तरी खडसावत होती, “तुमी काल मेल वाचला, आज परत वाचला, मंग बोलत काहून नाही?” पलीकडे अकोल्याचे एक हाडांचे डॉक्टर होते. ते इतके गोंधळले की त्यांनी लागलीच मागणी नोंदवली. आत्याला वाटलं मेलची ही सोय फारच कामाची आहे. मला वाटलं हे कुठंतरी अंगाशी येणार.

तिसऱ्या मेलमध्ये आत्यानं पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याची कृती दिली. ती तिनं अशी काही सांगितली की लिहिताना मलाच भूक लागली. कांदा आणि खोबरं काळपट होईपर्यंत कसं भाजायचं, तेल कसं सुटतं, त्यात तिखट पडताच कसा ठसका येतो आणि गल्लीतल्या लोकांना कसं कळतं की आज इथं पाटोडी आहे. मेल गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी निळीच्या पडद्यावर एक नवी ओळ दिसली. एक जण यादीतून निघून गेलं होतं.

प्रत्येक मेलच्या तळाशी बाहेर पडायचं बटण असतं, ते असावंच लागतं. आत्याला ते सुरुवातीपासून खटकत होतं. मी म्हटलं होतं, नियम आहे. पण आत्तापर्यंत ते कोणी दाबलं नव्हतं.

“कोण आहे?” आत्यानं विचारलं.

मी नाव वाचून दाखवलं. त्या दवाखान्याच्या मेट्रन मॅडम होत्या. आत्या नर्स म्हणून लागली तेव्हापासूनच्या तिच्या वरिष्ठ. कडक बाई. आत्याला इंजेक्शन द्यायला त्यांनीच शिकवलं, चुकली तेव्हा सगळ्यांसमोर रागावल्या, आजी गेली तेव्हा आमच्या गावापर्यंत बसनं आल्या. आत्यानं गावाहून पहिला डबा नेला तो त्यांनीच मागितला म्हणून. आता त्या कामठीला, छावणीच्या अलीकडे, मुलगा-सुनेजवळ राहत होत्या.

“कारण काय देलं त्यायनं?”

निळी कारण सांगत नव्हती. नुसतं नाव आणि वेळ.

दिवसभर आत्यानं तिखटाची पाकिटं भरली, पण एकाही माणसाला फोन केला नाही. संध्याकाळी मी खाली गेले तेव्हा म्हणाली, “माह्याकडून काही चुकलं असन. मागच्या दिवाळीले मी गेलीच नाही त्यायच्याकडे.” मी म्हटलं, अगं, चुकून दाबलं असेल, अनेकांचं होतं. ती म्हणाली, मॅडम चुकून काही करत नाहीत.

रविवारी सकाळी ती साडी नेसून तयार बसली होती. मला म्हणाली, चल कामठीला.

“आत्या, असं करत नाहीत. ज्यानं नको म्हटलं त्याला परत गाठायचं नसतं. नियम आहे.”

“नियम मेल पाठवाचा आहे ना? मेल कुठं पाठवून राहिली मी? मी तं स्वतः जाऊन राहिली.”

आम्ही मेट्रोनं शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि पुढे शेअर ऑटोत बसलो. आत्यानं पिशवीत तिखटाचं पाकीट घेतलं होतं. ऑटोत बसल्यावर तिनं ते काढून माझ्या पर्समध्ये कोंबलं, म्हणाली, आधी पाहू काय म्हणतात, मग देऊ. तिला मी इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

दार मॅडमनीच उघडलं. मी त्यांना लहानपणी पाहिलं होतं, उंच, ताठ, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. समोर उभ्या होत्या त्या अर्ध्या झाल्या होत्या. गाऊनवर शाल आणि गळ्याची हाडं दिसत होती. आत्या दारातच थांबली. मग तिच्यातली नर्स जागी झाली. तिनं सरळ मॅडमचा हात धरला, नाडी पाहिल्यासारखा, आणि म्हणाली, “ऑपरेशन केव्हा झालं?”

“तुला कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही सांगितलं, हेच तं म्हणून राहिली.”

ऑपरेशन रायपूरला झालं होतं, मुलीकडे. पोटाचं. मॅडमनी कोणालाच कळवलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांना पलंगावर झोपवलं, आता आपण झोपलेलं कोणी पाहू नये असं त्यांना वाटत होतं. सुनेनं चहा आणला, मॅडमसाठी वेगळा, दुधाळ. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग आत्याला राहवेना.

“मॅडम, तुमी माह्या मेलमधून नाव काहून काढलं?”

मॅडम एकदम कानापर्यंत लाल झाल्या. “तुला कळतं का ते?”

“कळते.”

त्यांनी कप खाली ठेवला. “अगं, डॉक्टरनं तिखट पूर्ण बंद केलंय. एक कण नाही. तुझा पहिला मेल आला, वाचून बरं वाटलं. दुसरा आला. मग तो पाटोडीचा आला. मी वाचला, परत वाचला. तो खोबरं भाजायचा भाग तर...” त्या थांबल्या. “आणि संध्याकाळी हिनं समोर दुधीची भाजी ठेवली. पांढरी. मीठ घातलेली. मला रडू आलं गं. पोरीसारखं रडू आलं. ही बिचारी घाबरली, हिला वाटलं टाके दुखतायत. मग मी ते खालचं बटण दाबून टाकलं. म्हटलं, ना वाचायचं ना रडायचं.”

आत्याचे खांदे गदगदा हलताना पाहून मला वाटलं ती रडते आहे, पण ती हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मॅडमही हसू लागल्या, पोटावर हात दाबून, “हसवू नको, दुखतं” म्हणत. सून दारात उभी राहून दोघींकडे पाहत होती.

“मले वाटलं तुमी माह्यावर नाराज आहे,” आत्या शेवटी म्हणाली.

“तुझ्यावर नाराज झाले तर मी तुला अजून ओरडू शकते ना. बटण कशाला दाबू?”

मग मॅडमनी माझ्याकडे वळून विचारलं की मेल कितीदा उघडला तेही कळतं का. मी खोटं बोलू शकले नाही. कळतं, म्हटलं. त्यांनी शाल आवळून घेतली. त्यांना ते आवडलं नव्हतं. आत्यानंही ते पाहिलं.

पाकीट माझ्या पर्समध्येच राहिलं. डॉक्टरनं बंद केलेली वस्तू पेशंटसमोर काढायची नाही एवढं आत्याला कोणी सांगायला नको होतं. परतताना मेट्रोत बसल्यावर ती म्हणाली, “ते कोणं उघडलं, कोणं नाही उघडलं, ते बंद कर बरं.”

“आत्या, ते बंद केलं तर मेल पोचतात की नाही तेच कळणार नाही.”

“वॉर्डात पेशंट झोपला की जागा आहे ते पाहाले त्याच्या तोंडावर बॅटरी मारते काय कोणी? पाहून हळूच निघून जाचं राहते.”

मी वाद घातला. पत्ते चालू आहेत की बंद हे तरी कळायला हवं होतं, नाहीतर आम्ही वर्षानुवर्षं भिंतीला तिखट विकत राहू. दोन दिवस आमचं यावरून चाललं. शेवटी असं ठरलं की किती मेल परत आले तेवढं पाहायचं, कोणी उघडले ते पाहायचं नाही. हे आत्याला जड गेलं, कारण सकाळचा चहा आता तिला पडद्याशिवाय प्यावा लागणार होता.

मी तिन्ही कंपन्या परत काढून बसले, यावेळी वेगळे प्रश्न घेऊन. उघडल्याची नोंद बंद करता येते का? जाणाऱ्याला कारण लिहायला जागा देता येते का, मराठीत? सगळं सोडून जाण्याऐवजी, मला अमुक पाठवू नका, तमुक पाठवा, असं सांगायची सोय आहे का? पिवळीकडे यातलं बहुतेक होतं, पण महागड्या योजनेत. निळीकडे नोंद बंद होत होती, बाकी काही नव्हतं. हिरवीकडे तिन्ही होतं, आणि जे मला सापडलं नाही ते त्या उत्तर देणाऱ्या माणसानं समजावून दिलं. माणसांचे गट करायचे, प्रत्येक गटाला वेगळं पत्र जाईल आणि आपण कोणत्या गटात राहायचं ते वाचणारा स्वतः ठरवेल.

“सरकारी आहे, पण ऐकते,” आत्या म्हणाली. फुगे मात्र तिनं हिरवीतही लावून घेतले.

तिकडे तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिनं धणे, जिरं, दगडफूल, तमालपत्र, कलमी म्हणजे दालचिनी, आणि भाजलेलं खोबरं असा एक मसाला केला, मिरचीशिवाय. मॅडमच्या डॉक्टरला रायपूरला फोन लावून त्यातली एकेक वस्तू चालेल का ते विचारलं. डॉक्टरनं कलमी कमी करायला सांगितली आणि म्हणाला, पहिल्या महिन्यात चिमूटभरच. आत्यानं दोन-तीनदा करून पाहिला. पहिला घरी आम्हा कोणालाच आवडला नाही. माझी मुलगी म्हणाली, औषधासारखा लागतो. दुसरा बरा झाला. तिसऱ्यात तिनं खोबरं जास्त काळं केलं आणि घरभर तो वास पसरला तेव्हा ती म्हणाली, आता जमलं.

मॅडमना तिनं तो स्वतः नेऊन दिला. त्या रात्रीच्या दुधीच्या भाजीबद्दल सुनेनं आम्हाला फोन करून सांगितलं: आईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली. काही दिवसांनी मॅडमनी आपला पत्ता स्वतःच्या हातानं परत यादीत भरला, आणि गट निवडायच्या जागी पहिला बंद करून दुसरा निवडला. त्या गटाला आम्ही ‘तिखट बंद’ असं साधं नाव दिलं होतं.

आम्हाला वाटलं होतं त्या गटात मॅडम एकट्याच असतील. पण पुढच्या मेलमध्ये आत्यानं विचारलं की अजून कोणाचं तिखट बंद झालं आहे का, तर लोक एकेक करून सांगू लागले. दुबईवाल्या डॉक्टरला स्वतःलाच ॲसिडिटी होती, तो म्हणाला मी हे कोणाला सांगत नाही. वर्ध्याच्या बाईंच्या नवऱ्याला अल्सर. आत्याच्याच वयाच्या दोन नर्सा. त्यांनी इतकी वर्षं तिच्याकडून तिखट घेतलं आणि डब्यात तसंच ठेवलं होतं, कारण सिस्टरला नाही म्हणवत नव्हतं. आत्या हे ऐकून थोडी ओशाळली आणि मग कामाला लागली.

आता ‘तिखट बंद’चा मेल मॅडमच लिहितात. आत्याची भाषा त्यांना फार पसरट वाटायची. त्या कामठीहून मजकूर पाठवतात, नेटका, औषधाच्या चिठ्ठीसारखा: अर्धा चमचा, मंद आच, आठवड्यातून दोनदाच. आत्या त्यात आपली एखादी ओळ घालते, मॅडम ती काढतात, आत्या फोन करून परत घालायला लावते. मी दोघींच्या मध्ये अडकते.

मागच्या आठवड्यात असंच झालं. मेल तयार होता, हिरवी उघडी होती, पाठवायच्या बटणावर माझं बोट होतं आणि आत्या खुर्चीत पाय वर घेऊन फोनवर म्हणत होती, “मॅडम, धणे भाजले नाही तं वास कुठून येईन? तुमी वॉर्ड चालवला, चूल कधी चालवली?” पलीकडून मॅडम काहीतरी जोरात बोलत होत्या. आत्यानं फोन कानापासून लांब धरला, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि खुणेनं सांगितलं, थांब, अजून पाठवू नको.